कार्टून, खाऊच्या जाहिराती आणि मुलांचं वजन : नक्की बंद काय करायचं?

अबोली (धागाकर्ती)
शाळेत परवा वैद्यकीय तपासणी झाली. मुलगा तिसरीत आहे. कार्डावर वजनाच्या रकान्याला लाल पेनाने गोल करून 'बालरोगतज्ज्ञांना दाखवा' असा शेरा आला. त्यावर घरात लगेच दोन पक्ष पडले. सासूबाई म्हणतात, खात्यापित्या घरचं पोर आहे, उंची वाढली की आपोआप झडेल. नवरा म्हणतो, सगळा दोष टीव्हीचा. आणि टीव्ही लावून देणारी कोण, तर मी.

आता वस्तुस्थिती. शाळेतून आला की संध्याकाळी पाचपासून सातपर्यंत कार्टून. त्यात भीम लाडू खातो, मोटू समोसे खातो, डोरेमॉनला डोराकेक लागतो, शिनचॅनला चॉकोबी. मधे मधे जाहिराती. रात्रीचं जेवणही टीव्हीसमोरच, कारण तरच ताट संपतं. टीव्ही बंद केला की दोन घास खाऊन उठतो आणि साडेनऊला भूक लागली म्हणून फ्रिज उघडतो.

तर प्रश्न असा : कार्टून बंद करू? जाहिरातीतला खाऊ आणणं बंद करू? की टीव्हीसमोरचं जेवण? तिन्ही एकदम बंद केलं तर घरात महाभारत होईल, आणि त्यातही भीम असेलच. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहा. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे सासरे रोज ऐकवतात, ते नको.

चहाटळ
भीम लाडू खाऊन दरोडेखोरांना लोळवतो. आमचा लाडू खाऊन स्वतः लोळतो.

निमूट_वाचक
चहाटळ, हसून हसून पुरेवाट. बाकी धागा वाचतेय, आमच्याकडेही हाच खेळ आहे.

जुना_अँटेना
धागाकर्तीने बजावलंय तरी लिहितो, कारण मला उलटं सांगायचंय : आमच्या वेळीही असंच होतं! मॅगी भारतात आली १९८३ ला. १९८४ मध्ये 'हम लोग' सुरू झाली तेव्हा प्रायोजक तीच. अख्खी चाळ ज्या एका टीव्हीसमोर बसायची त्या टीव्हीवर 'दोन मिनिटं' ऐकून आम्हीही आईच्या पदराला लटकलो होतो. रसनाचं पाकीट घरात यावं म्हणून मी अभ्यास केलाय, आणि हे मी मुलांना कधी सांगत नाही.

फरक एवढाच की दूरदर्शनवरचा मुलांचा 'किलबिल' कार्यक्रम संपला की संपलं. त्यानंतर 'आमची माती आमची माणसं'मध्ये कपाशीवरची बोंडअळी सुरू व्हायची आणि आम्ही खाली लगोरी खेळायला. टीव्हीच आम्हाला हाकलून द्यायचा. १९९५ ला कार्टून नेटवर्क आलं, २००४ मध्ये पोगो आणि हंगामा. तेव्हापासून मुलांना हाकलणारा कार्यक्रमच उरला नाही.

चहाटळ
म्हणजे उपाय मिळाला. पोगोवर दर अर्ध्या तासाने बोंडअळी.

बालरोगवाला
रोज ओपीडीत हाच संवाद असतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टीव्ही आणि वजन यांचा संबंध आहे, याबद्दल आता फारसा वाद नाही. वाद आहे तो कुठल्या वाटेने, यावर. बहुतेकांना वाटतं की मूल बसून राहतं म्हणून जाड होतं. पण कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे थॉमस रॉबिन्सन यांनी तिसरी-चौथीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग आहे, १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन शाळा. एका शाळेत सहा महिने टीव्ही कमी करण्याचे धडे : आधी दहा दिवस टीव्ही पूर्ण बंद, नंतर आठवड्याला सात तासांचं रेशन. वर्षअखेरीला त्या शाळेतल्या मुलांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) दुसऱ्या शाळेपेक्षा कमी वाढला. गंमत पुढे आहे. या मुलांची पळापळ काही लक्षणीय वाढली नव्हती. पण टीव्हीसमोर बसून होणारी जेवणं मात्र कमी झाली होती.

दुसरा प्रयोग २००९ चा, अमेरिकेतलाच. सात ते अकरा वर्षांच्या मुलांना एक कार्टून दाखवलं. काहींना मधे खाऊच्या जाहिराती, काहींना दुसऱ्या कशाच्या. समोर चीजची बिस्किटं ठेवलेली. खाऊच्या जाहिराती बघणाऱ्यांनी ४५ टक्के जास्त बिस्किटं खाल्ली. लक्षात घ्या, जाहिराती त्या बिस्किटांच्या नव्हत्याच! त्यामुळे 'आम्ही जाहिरातीतलं काही घरात आणत नाही हो डॉक्टर' याचा उपयोग मर्यादित आहे. जाहिरात हात चालू करते, मग हाताला लागेल ते तोंडात जातं. चिवड्याचा डबा असेल तर चिवडा.

अबोलीताई, तुमच्या तीन पर्यायांत मी आधी तिसरा धरेन. टीव्हीसमोरचं जेवण.

कॉपीमास्तर
जाहिरात क्षेत्रात आयुष्य गेलं, त्यामुळे शिव्या खायला तयार होऊन लिहितो.

डॉक्टरांशी सहमत, पण एक विचारतो. जाहिरात कोणाच्या घरात येऊन पाकीट फोडते? आठ वर्षांच्या मुलाकडे पैसे नसतात. पाकीट आई किंवा बाबा आणतात, बहुतेक वेळा गप्प बसवायला. चॅनल तुम्हाला जवळपास फुकटात दिसतं, ते जाहिरातींच्या जिवावर. शिवाय २०२२ च्या जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. चिप्स, शीतपेयं असल्या जंक फूडची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा खास मुलांच्या चॅनलवर करायची नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

शंकासुर
लिहिलंय हो. पण जंक म्हणजे किती साखर, किती मीठ, याचा आकडा कुठे आहे त्यात? चॉकलेटचं दूध जंक की पौष्टिक? पाकिटावर गव्हाचं कणीस छापलं की झालं आरोग्यदायी. एप्रिल २०२४ मध्ये सरकारला ऑनलाइन दुकानांना सांगावं लागलं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात ठेवू नका, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात असा प्रकारच नाही. आणि आमच्या पिढीने तेच पिऊन उंची वाढायची वाट बघितली.

कॉपीमास्तर
उंचीचं माहीत नाही, माझ्या पगाराला उपयोग झाला.

शंकासुर
प्रामाणिकपणाबद्दल +१. मुद्द्याबद्दल -१. आठ वर्षांच्या मुलाकडे पैसे नसतात, पण चिकाटी असते. त्या चिकाटीवरच तुमचं बजेट ठरतं.

लीड्सकर
इंग्लंडमधून. इथे काय झालं ते सांगते, कारण कॉपीमास्तर म्हणतात तो नियम इथे कधीचा आहे. २००९ पासून मुलांच्या कार्यक्रमांमध्ये आणि आगेमागे चरबी-साखर-मीठ जास्त असलेल्या पदार्थांच्या जाहिराती बंद. आणि इथे त्यासाठी गुण मोजायचं कोष्टक आहे, त्यामुळे शंकासुरांचा 'जंक म्हणजे काय' हा प्रश्न निदान कागदावर सुटलेला.

तरी फार फरक पडला नाही, कारण मुलं फक्त मुलांचे कार्यक्रम बघतच नाहीत. शनिवारी रात्री गाण्याच्या स्पर्धा, नाच, फुटबॉल, सगळं आईबाबांबरोबर बघतात, आणि तिथे जाहिराती चालूच होत्या. म्हणून आता ५ जानेवारी २०२६ पासून नवा कायदा : रात्री नऊच्या आधी टीव्हीवर अशा जाहिराती नाहीत, आणि ऑनलाइन पैसे देऊन केलेल्या तर अजिबात नाहीत. त्यातही पळवाट आहेच. पदार्थ न दाखवता नुसतं कंपनीचं नाव झळकवलेलं चालतं. पाच वर्षांच्या पोराला लांबून नुसता लोगो ओळखता येतो, वाचता येत नसलं तरी.

भारतात आले की क्रिकेट बघताना जाणवतं. मुलं पोगोवर असतात त्याहून जास्त जाहिराती त्या एका सामन्यात बघतात. तुमचा नियम त्या सामन्याला लागूच नाही ना?

कॉपीमास्तर
नाही. सामना सर्वांसाठी असतो.

लीड्सकर
तेच म्हणतेय.

ढोबळीमिरची
सगळे जाहिरातींवर तुटून पडलेत, पण कार्टूनमधल्या पात्रांचं काय? शिनचॅनमुळे आमच्या कन्येने ढोबळी मिरची सोडली. त्याआधी ती पीठ पेरलेली भाजी आवडीने खायची. एक दिवस ताटाकडे बघून तोंड अगदी त्याच्यासारखं वाकडं केलं. त्यानंतर तीन महिने भाजी नाही. (आयडी तेव्हाच घेतला, निषेध म्हणून.)

मग पात्रांचा उलटा उपयोग का करत नाहीत? कार्टूनमधला पॉपॉय खलाशी पालक खायचा की नाही? टेक्सासमधल्या क्रिस्टल सिटीत पालक पिकवणाऱ्यांनी १९३७ मध्ये त्याचा पुतळा उभारला म्हणे. भीमाला एक दिवस मेथी खायला लावा!

जुना_अँटेना
अवांतर : दशांशचिन्ह चुकलं, पालकात दहापट लोह आहे असं वाटलं आणि म्हणून पॉपॉयला पालक दिला, ही गोष्ट आम्ही पन्नास वेळा ऐकली. ती गोष्टच बनावट निघाली.

बालरोगवाला
ढोबळीमिरची, चांगला मुद्दा, पण उत्तर जरा निराशाजनक आहे. लहान मुलांना एकच खाऊ दोन पाकिटांत दिला, एकावर कार्टूनचं चित्र, एकावर काही नाही. चित्रवाल्या पाकिटातला जास्त चविष्ट लागतो असं मुलांनी सांगितलं. बिस्किटं आणि जेलीच्या गोळ्यांच्या बाबतीत हा परिणाम चांगला दिसला. गाजराच्या बाबतीत बराच फिका. लिव्हरपूलमध्ये २०१९ ला यूट्यूबवाल्यांबद्दल असाच प्रयोग झाला. लोकप्रिय यूट्यूबर फोटोत अरबट-चरबट खाऊसोबत दिसला की नऊ ते अकरा वर्षांची मुलं जास्त खात होती. तोच यूट्यूबर फळंबिळं घेऊन दिसला तर मुलांच्या फळं खाण्यात काही फरक नाही.

थोडक्यात, भीमाने मेथी खाल्ली तर मेथी खपेलच असं नाही. बदनाम होईल तो भीम.

मुग्धा७
मला पात्रांबद्दल वेगळंच सांगायचंय. माझी मुलगी अंगाने भरलेली आहे. वर्गातली पोरं तिला कालिया म्हणतात. छोटा भीममध्ये कालिया आहे ना, जाडा, खादाड, दादागिरी करणारा आणि शेवटी तोंडावर आपटणारा. डोरेमॉनमधला जियान तसाच. जाड पोरगा म्हणजे एकतर गुंड नाहीतर विदूषक, हे मुलं तिसरी-चौथीत पाठ करून येतात. मग ती डबा वर्गात उघडत नाही, घरी येऊन दारं लावून खाते.

वजनाची चर्चा करताना मुलांसमोर 'बारीक हो' हा शब्द काढू नका, एवढंच. आमच्याकडे एका लग्नात एका काकूंनी काढला होता. काकू विसरल्या असतील.

बालरोगवाला
मुग्धाताई, शंभर टक्के. मी ओपीडीत वजन मुलाला ऐकू जाईल असं वाचून दाखवत नाही. बदल करायचा तो घराच्या सवयीत. एका मुलाच्या ताटात पहारा बसवायचा नाही, भावंडांना वेगळं आणि त्याला वेगळं तर मुळीच नाही.

गुरुजी_सांगोला
शहरी चर्चा वाचून गंमत वाटली. आमची जिल्हा परिषदेची शाळा. आमच्याकडे काळजी उलटी असते, मूल अंगाला लागत नाही ही. पण टीव्ही इथेही आहे आणि पाच रुपयांचं पाकीटही आहे.

शाळेसमोरच्या टपरीवर पाकिटांच्या माळा लोंबत असतात, तोरणासारख्या. मधल्या सुट्टीत पोरं पाकीट विकत घेत नाहीत, आतला टॅटू घेतात. पाकीट आधी दाबून बघतात, कागद हाताला लागतो का. लागला तर तेच घ्यायचं. मनगटावर टॅटू थुंकी लावून चिकटवायचा, मग कुरकुरीत नळ्या दोघांत वाटून संपवायच्या. त्यानंतर शालेय पोषण आहाराची खिचडी ताटात येते ती अर्धी तशीच राहते. मटकीची उसळ असेल तर पूर्णच राहते. म्हणजे पोर काटकुळंच राहतं, पण पोट भरलेलं असतं. पाकिटामुळे फक्त वजन वाढतं असं नाही, जेवण बुडतं.

नियम मला पाठ आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा : शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असले पदार्थ विकायचे नाहीत, त्यांची जाहिरात करायची नाही. त्याआधी २०१७ मध्ये राज्याने शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, शीतपेयं काढायला सांगितली होती. आमच्या शाळेला उपाहारगृह नाही, त्यामुळे तो आम्ही शंभर टक्के पाळला. टपरी मात्र फाटकापासून पंधरा पावलांवर आहे, आणि टपरीवाल्याचा मुलगा माझ्याच वर्गात आहे. त्याला उद्या कोणत्या तोंडाने सांगू, की तुझ्या बापाचं पोट बंद कर?

शंकासुर
गुरुजी, या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हेच दिसतं. पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ ला २.१ टक्के होतं, २०१९-२१ ला ३.४. त्याच सर्वेक्षणात पस्तीस टक्क्यांच्या वर मुलं खुजी. दोन्ही एकाच देशात, कधी एकाच गल्लीत. चिलीसारखं करावं लागेल. तिथे २०१६ पासून पाकिटावर काळे अष्टकोन असतात, 'साखर जास्त', 'मीठ जास्त'. असा शिक्का बसला की पाकिटावर कार्टून छापायला बंदी. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरचा वाघ गेला, चिप्सच्या पाकिटावरचा चित्ता गेला. टपरीवाल्याला हात लावायची गरज नाही, कंपनीला लावा.

चहाटळ
वाघाला बंदी हे महाराष्ट्रात चालणार नाही.

निमूट_वाचक
चहाटळ, राजकारणाचा धागा शेजारी आहे.

सुमनआजी
मी सत्तर पार केलेली आजी, नातवाकडून टंकून घेते आहे. तुम्ही सगळे टीव्हीला नावं ठेवता. पण त्याच्यासमोर मुलाला बसवलं कोणी? आपणच. कारण आपल्याला मूल गुटगुटीत हवं. आमच्या वेळी सुदृढ बालक स्पर्धा व्हायच्या, तान्ह्यांना मांडीला वळ्या असल्या की बक्षीस. माझ्या थोरल्याला स्टीलची वाटी मिळाली होती. 'तुझं पोर वाळलंय गं' हे ऐकण्यापेक्षा काहीही बरं, असं आईला वाटतं. म्हणून एक घास जास्त जावा यासाठी टीव्ही लागतो. पुढे तेच पोर आठ वर्षांचं झालं की डॉक्टर म्हणतात, आता घास कमी करा.

शंकासुर
आजी, नमस्कार. पण 'हा घास चिऊचा, हा घास काऊचा' म्हणजे तरी काय होतं? तेही लक्ष दुसरीकडे वळवून भरवणंच. टीव्ही हा चिऊकाऊचाच नवा अवतार.

सुमनआजी
अवतार कसला! चिऊचा घास घेताना पोर माझ्याकडे बघतं, घासाकडे बघतं. तोंड फिरवलं की मला कळतं, पोट भरलं. मग चिऊ उडून जाते आणि ताट बाजूला. टीव्हीपुढे पोर तोंड फिरवतच नाही, नुसता आ करतं. किती गेलं ते त्याला कळत नाही आणि भरवणारीलाही नाही, कारण तीही तिकडेच बघत असते.

बालरोगवाला
आजींनी मी अर्धा तास समजावतो ते चार ओळींत सांगितलं. हे प्रिंट काढून दवाखान्यात लावतो.

भर एवढीच : दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त तासभर, असं आमच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलंय. सहा महिन्यांच्या बाळाला मोबाईल दाखवून नाचणीसत्त्व भरवणारे पालक रोज बघतो. तिसरीतल्या मुलाची गोष्ट तिथून सुरू होते.

ढोबळीमिरची
डोराकेकची रेसिपी कोणाकडे आहे का? कन्या मागे लागली आहे.

जुना_अँटेना
दोन गोड धिरडी, मधे गोड कडधान्याचं सारण. अझुकी बीन्स म्हणतात, चवळीसारखी दिसते. पुरणही चालेल. मुलीला सांगा जपानी पुरणपोळी आहे. (विषयांतराबद्दल क्षमस्व.)

अबोली
सर्वांचे आभार. आजी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. 'बरोबर बोलतात त्या' म्हणाल्या आणि नातवाला तुपाची धार जरा जास्तच सोडली.

एक अडचण राहते. पोराचं कार्टून सातलाच बंद होतं. जेवताना जो टीव्ही चालू असतो तो त्याचा नसतोच. साडेसातपासून सासूबाईंच्या मालिका, नऊला सासऱ्यांच्या बातम्या आणि वादविवाद. जेवण त्यामधे. मी फक्त त्याच्यासाठी टीव्ही बंद करू म्हटलं तर उत्तर येतं की आम्ही दिवसभरात तेवढंच बघतो. ते खरंही आहे. म्हाताऱ्या माणसांचा टीव्ही बंद करायचा कसा?

चहाटळ
हा खरा धागा. पॉपकॉर्न घेऊन बसलो. (टीव्हीसमोर नाही.)

मुग्धा७
आम्ही ताटं स्वयंपाकघरात घेतली. टीव्ही बाहेर चालू असतो, आवाज येतो, पण दिसत नाही. पहिला आठवडा लेक मान लांब करून दरवाज्यातून बघायची. नंतर आवाजावरूनच कोणती सून रडतेय ते सांगायला लागली. पण जेवते ताटाकडे बघून. भूक नसेल तर उठते, आणि नंतर फ्रिज उघडला तर आत फळं आणि ताक. भांडत बसत नाही.

सुमनआजी
मालिकेआधी सातला वाढा की सगळ्यांना. आम्हाला लवकर जेवलेलं पचतंही. मोबाईलवर दुसऱ्या दिवशी बघा म्हणू नका, त्यावर सगळ्या बायका मुंगीएवढ्या दिसतात.

अबोली
सातला जमेल! सासूबाई तयार आहेत, सासरे 'बघू' म्हणाले. फक्त नवरा नऊला येतो. तो एकटा जेवायला बसला की टीव्ही लावतो, आणि हा जाऊन त्याच्या ताटातला पापड आणि भाताची मूद उचलतो. म्हणजे दुसरं जेवण.

सुमनआजी
नवऱ्यालाही स्वयंपाकघरात बसव. आणि त्या वेळी पोराला झोपव. पापड एकच तळ.

चहाटळ
अबोलीताई, नवऱ्याला हा धागा दाखवू नका. 'दोष टीव्हीचा' म्हणणारे तेच होते ना?

अबोली
दाखवला. 'कॉपीमास्तर बरोबर बोलतात' म्हणाला.